फोनवरचे चित्रपट : कॅमेरा कोणाच्या हाती, निर्णय कोणाचा

स्मार्टफोनवर चित्रित केलेल्या चित्रपटांविषयी जे लिहिले आणि बोलले जाते, त्यातील बराच भाग एकाच प्रश्नाभोवती घुटमळतो : फोनने टिपलेली प्रतिमा मोठ्या पडद्यावर चित्रपटासारखी दिसते की नाही. हा प्रश्न २०१५ च्या सुमारासच निकालात निघाला असून तेव्हापासून असे चित्रपट महोत्सवांत, व्यावसायिक चित्रपटगृहांत आणि ओटीटी मंचांवर नियमितपणे दाखवले जात आहेत. त्याहून महत्त्वाचे, पण तुलनेने दुर्लक्षित राहिलेले प्रश्न दोन आहेत. कॅमेरा जिथे पूर्वी पोहोचू शकत नव्हता किंवा पोहोचू दिला जात नव्हता, तिथे तो आता कोणाच्या हातून पोहोचतो, हा पहिला. आणि प्रकाश किती घ्यावा, केंद्र (फोकस) कुठे धरावे, कातडीचा रंग कसा दिसावा हे जे निर्णय छायालेखक घेत असे, ते फोनमधील सॉफ्टवेअर परस्पर घेऊ लागल्यावर चित्र नेमके कोणाचे राहते, हा दुसरा. फोनवरील चित्रपटनिर्मितीच्या गेल्या वीसेक वर्षांच्या वाटचालीकडे या दोन प्रश्नांच्या अंगाने पाहिले असता तिच्यात दोन निराळे प्रवाह दिसतात. पहिल्यातील दिग्दर्शकांकडे इतर कॅमेरे उपलब्ध असूनही त्यांनी फोन निवडला. दुसऱ्यातील लोकांकडे फोनखेरीज काहीच नव्हते.

कॅमेरा असलेले मोबाइल फोन जपानमध्ये २००० च्या सुमारास बाजारात आले आणि पुढील काही वर्षांत त्यांवर हलते चित्र टिपण्याची सोय झाली. चित्र ज्या ठिपक्यांचे बनते त्यांना पिक्सेल म्हणतात. आरंभीच्या फोनांवरील चलच्चित्रात आडवे १७६ आणि उभे १४४ इतकेच पिक्सेल असत, त्यामुळे चेहरा जरा दूर गेला की त्याचे डाग होत. पॅरिसच्या 'फोरम दे झिमाज' या संस्थेने २००५ मध्ये सुरू केलेल्या 'पॉकेट फिल्म्स' महोत्सवात या दोषालाच शैली मानणारे प्रयोग दाखवले गेले. त्याच वर्षी फ्रान्समध्येच एक फोन, एक मिनिट, एक चित्रपट अशी अट घालणारा 'मोबाइल फिल्म फेस्टिव्हल' निघाला. डच दिग्दर्शक सायरस फ्रिश याने २००७ मध्ये, अफगाणिस्तानात परिस्थिती इतकी बिघडेल हे कोणी सांगितले का नाही, अशा अर्थाचे लांबलचक नाव असलेला पूर्ण लांबीचा चित्रपट फोनवर केला. भारतात सतीश कळत्तिल यांचा 'जलच्छायम्' हा मलयाळम चित्रपट २०१० मध्ये नोकिया एन ९५ वर झाला. ज्याच्या कॅमेऱ्यावर ६४० गुणिले ४८० पिक्सेलांपलीकडे काही टिपता येत नव्हते अशा यंत्रावर केलेला हा उद्योग कलाकृती म्हणून फार मोठा ठरला नसला, तरी त्यामागची जिद्द या विषयाच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे.

२००९ ते २०११ या काळात फोनच्या चित्राची प्रत झपाट्याने सुधारली. आयफोनवर २००९ मध्ये चलच्चित्रणाची सोय आली, २०१० मध्ये ७२० ओळींचे आणि २०११ मध्ये १०८० ओळींचे चित्रण शक्य झाले, आणि संकलनाचे अ‍ॅपही फोनवरच मिळू लागले. याच टप्प्यावर कोरियन दिग्दर्शक पार्क चान-वूक यांनी आपले बंधू पार्क चान-क्योंग यांच्यासह 'परान्मान्जांग' हा सुमारे ३३ मिनिटांचा लघुपट आयफोन ४ वर केला आणि त्याला २०११ च्या बर्लिन महोत्सवात लघुपटासाठीचे सुवर्ण अस्वल मिळाले. या यशाचा दाखला आजही फोनवर काहीही शक्य आहे असे सांगण्यासाठी दिला जातो. तो देताना या लघुपटावर सुमारे १५ कोटी वोन खर्च झाले होते आणि ते पैसे कोरियात आयफोन विकणाऱ्या केटी या दूरसंचार कंपनीने पुरवले होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. पहिल्या प्रवाहाचे एक लक्षण इथेच दिसते. कॅमेरा स्वस्त असतो, पण त्याच्याभोवतीचे प्रकाशयोजना, रूळ, क्रेन, ध्वनी आणि कसबी माणसे यांचे जग मुळीच स्वस्त नसते, आणि हा खर्च अनेकदा ज्याला फोन विकायचा आहे तोच करतो.

या प्रवाहातील सर्वांत विचारपूर्वक केलेला चित्रपट म्हणजे शॉन बेकर यांचा 'टँजरीन'. लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर नाताळच्या आदल्या दिवशी भटकणाऱ्या दोन तृतीयपंथी स्त्रियांची ही कथा २०१५ च्या सनडान्स महोत्सवात दाखवली गेली. निर्मितिखर्च सुमारे एक लाख डॉलर होता आणि चित्रण आयफोन ५ एस प्रकारच्या तीन फोनांवर झाले. बेकर आणि त्यांचे सहछायालेखक रेडियम चुंग यांनी फोन आहे तसा वापरला नाही, तर त्याच्या मर्यादा एकेक करून ओळखल्या आणि प्रत्येकीवर स्वतंत्र उपाय योजला. फोनचे चित्र स्वभावतः अरुंद आणि सपाट दिसते म्हणून त्यांनी मूनडॉग लॅब्जचे अ‍ॅनामॉर्फिक भिंग, म्हणजे आडव्या दिशेने अधिक विस्तृत दृश्य दाबून टिपणारे आणि नंतर पडद्यावर ते उलगडू देणारे जोडभिंग, लावले. फोनमधील स्वयंचलित निर्णय बंद करण्यासाठी 'फिल्मिक प्रो' हे अ‍ॅप घेतले, हात स्थिर राहण्यासाठी लहानसा स्टेडिकॅम वापरला, आवाज सर्वस्वी वेगळ्या यंत्रांवर ध्वनिमुद्रित केला आणि संकलनानंतर रंग मुद्दाम भडक केले. त्यामुळे लॉस एंजेलिसचे ऊन या चित्रपटात जवळजवळ नारिंगी झाले. यापूर्वी कॅमेऱ्यासमोर फारसे न वावरलेल्या मुख्य अभिनेत्रींना फोनसमोर दडपण आले नाही आणि रस्त्यावरच्या लोकांनी चित्रणाकडे लक्ष दिले नाही, हे फायदे पैशांच्या बचतीपेक्षा मोठे होते. बेकर यांनी नंतर फोनलाच धरून राहण्याचा हट्ट केला नाही : 'द फ्लोरिडा प्रोजेक्ट' त्यांनी ३५ मिलिमीटर फिल्मवर केला आणि केवळ शेवटचे, डिस्नेच्या मनोरंजननगरीत परवानगीविना चोरून घेतलेले दृश्य फोनवर टिपले. कोणत्या जागी कोणता कॅमेरा चालेल याचा निर्णय प्रत्येक वेळी नव्याने घेतला जावा, असे या दोन चित्रपटांच्या तुलनेतून दिसते.

स्टीव्हन सोडरबर्ग यांनी 'अनसेन' हा २०१८ चा चित्रपट आयफोन ७ प्लसवर आणि 'हाय फ्लाइंग बर्ड' हा २०१९ चा चित्रपट आयफोन ८ वर केला. सोडरबर्ग स्वतःच छायालेखन आणि संकलन करतात, त्यामुळे त्यांच्या हाती फोन हे वेगाचे साधन झाले : कॅमेरा भिंतीला चिकटवता येतो, मेजाखाली ठेवता येतो, मांडणीत तासन्‌तास जात नाहीत आणि दिवसाला घेतल्या जाणाऱ्या शॉटांची संख्या वाढते. डॅनी बॉइल यांच्या '२८ इयर्स लेटर' या २०२५ च्या चित्रपटाने याच्या अगदी उलटे टोक गाठले. कोट्यवधी डॉलरांच्या या निर्मितीत मोठा भाग आयफोन १५ प्रो मॅक्सवर टिपला गेला, या फोनांना चित्रपटांची महागडी भिंगे जोडली गेली आणि काही दृश्यांसाठी वीसपर्यंत फोन कमानीसारखे मांडून एकाच क्षणाची अनेक कोनांतली चित्रे घेतली गेली. या चित्रपटाचे छायालेखक अँथनी डॉड मँटल हेच 'स्लमडॉग मिल्यनेर'चेही छायालेखक होते, आणि मुंबईच्या वस्त्यांमधील बोळांतून पळणाऱ्या मुलांमागे धावण्यासाठी त्यांनी तेव्हा एसआय-२ के हा लहान डिजिटल कॅमेरा वापरला होता. लहान कॅमेऱ्याची त्यांची ओढ काटकसरीतून आलेली नाही. मोठा कॅमेरा जिथे शिरत नाही तिथे शिरण्याची गरज त्यांना वारंवार पडली, एवढेच त्यामागचे कारण आहे.

भारतात या प्रवाहाला फोन कंपन्यांचे पाठबळ अधिक उघडपणे मिळाले. विशाल भारद्वाज यांचा सुमारे अर्ध्या तासाचा 'फुरसत' २०२३ मध्ये अ‍ॅपलसाठी आयफोन १४ प्रोवर झाला. त्यानंतर मुंबईच्या 'मामि' या महोत्सवसंस्थेने आयफोनवर चित्रित लघुपटांची योजना सुरू केली, तिच्या २०२५ च्या तुकडीत चाणक्य व्यास यांचा 'मंग्या' हा मराठी लघुपट होता. अशा योजनांतून नव्या दिग्दर्शकांना पैसे आणि अनुभवी मार्गदर्शक मिळतात, हे मोलाचेच आहे. परंतु त्यांतून मिळणारे चित्र हे फोनच्या सर्वोत्तम कामगिरीचे प्रदर्शन असते, सर्वसाधारण वापराचा नमुना नसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये अ‍ॅपलने नवी उत्पादने जाहीर करण्याचा आपला एक सोहळा पूर्णपणे फोनवर चित्रित केल्याचे जाहीर केले आणि लागलीच त्यामागचे क्रेन, ड्रोन आणि दिव्यांचे ताफेही लोकांना दिसले, तेव्हा काहींनी फसवणुकीचा आरोप केला. तो आरोप अनाठायी होता, कारण फोन खरोखरच वापरला होता. चूक एवढीच, की चांगल्या चित्राचे श्रेय कॅमेऱ्यालाच असते असा समज जाहिरातीने जोपासला होता.

दुसऱ्या प्रवाहाला जाहिरातीची गरज पडली नाही. इराणचे जाफर पनाही यांच्यावर चित्रपट करण्याची वीस वर्षांची बंदी आली असताना त्यांनी मोजतबा मिर्तहमास्ब यांच्या साहाय्याने आपल्याच घरात 'धिस इज नॉट अ फिल्म' हे २०११ चे काम केले, त्यातील काही भाग आयफोनवर टिपला, आणि ते पेनड्राइव्हवर घालून, केकमध्ये दडवून कान महोत्सवाकडे पाठवल्याचे त्या वेळी सर्वत्र प्रसिद्ध झाले. सीरियातील उठावात सामान्य लोकांनी फोनवर टिपलेल्या आणि यूट्यूबवर चढवलेल्या असंख्य तुकड्यांतून ओसामा मोहम्मद यांनी पॅरिसच्या विजनवासात बसून, होम्समध्ये चित्रण करणाऱ्या विआम सिमाव बेदिरखान यांच्यासह 'सिल्व्हर्ड वॉटर' हा २०१४ चा चित्रपट घडवला. ऑस्ट्रेलियाने मॅनस बेटावर डांबलेले कुर्दी लेखक बेहरूझ बुचानी यांनी चोरून मिळवलेल्या फोनवर छावणीतील दृश्ये टिपली, ती व्हॉट्सअ‍ॅपवरून नेदरलँड्समधील अराश कमाली सर्वेस्तानी यांना पाठवली, आणि त्यातून 'चौका, प्लीज टेल अस द टाइम' हा २०१७ चा चित्रपट आकाराला आला. तालिबानच्या धमक्यांमुळे अफगाणिस्तान सोडावे लागलेले दिग्दर्शक हसन फाझिली यांनी पत्नी आणि मुलींसह युरोपच्या वाटेवरचा प्रवास तीन फोनांवर टिपला आणि तो 'मिडनाइट ट्रॅव्हलर' या नावाने २०१९ मध्ये सनडान्सला पोहोचला.

या चारही चित्रपटांत फोनच्या ज्या गुणांचा उपयोग झाला ते चित्राच्या प्रतीशी निगडित नाहीत. फोन बाळगणे संशयास्पद नसते. तो चित्रण करणारे, साठवणारे आणि दूर पाठवणारे असे एकच यंत्र असतो. आणि त्यामुळे चित्रण एका देशात व संकलन दुसऱ्या देशात होऊ शकते. प्रतिमा हललेली, धुरकट किंवा अर्धवट असली तरी प्रेक्षक ती स्वीकारतो, कारण ती कोणत्या परिस्थितीत घेतली गेली हे तिच्यातच दिसत असते. पहिल्या प्रवाहातील दिग्दर्शक जेव्हा हाच हललेपणा वास्तवाचा आभास म्हणून उसना घेतात, तेव्हा त्यातला भाडोत्रीपणा जाणकार नजरेला लवकर जाणवतो.

भारतात या दुसऱ्या प्रवाहाची ठळक उदाहरणे कथापटांपेक्षा वार्तांकनात आणि लोकमाध्यमांत सापडतात. बुंदेलखंडात २००२ मध्ये ग्रामीण, बहुतांशी दलित स्त्रियांनी सुरू केलेले 'खबर लहरिया' हे वृत्तपत्र पुढे छापील अंकाकडून फोनवरील चित्रवार्तांकनाकडे वळले, आणि त्या स्थित्यंतरावरचा रिंटू थॉमस व सुष्मित घोष यांचा 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. इंग्रजी अक्षरांचा मेनू वाचणे, फोन आडवा धरणे, मुलाखतीत सावकाश बोलायला लावणे अशा गोष्टी शिकत या स्त्रिया वार्ताहर कशा झाल्या, हे त्यात सविस्तर दिसते. गोव्यातून काम करणाऱ्या 'व्हिडिओ व्हॉलंटिअर्स' या संस्थेने २००३ पासून वस्त्यांतील आणि खेड्यांतील लोकांनाच आपापल्या प्रश्नांचे चित्रण शिकवण्याचा मार्ग धरला आणि २०१० मध्ये 'इंडिया अनहर्ड' या नावाने अशा वार्ताहरांचे देशभर जाळे विणायला घेतले. रस्ता, रेशन, पाणी यांवरचे चार मिनिटांचे चित्रण संबंधित अधिकाऱ्याला दाखवून काम करून घेणे हा त्यामागचा हेतू असतो. कलामूल्याच्या तराजूत ते तोलणे अप्रस्तुत ठरेल.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर फोनच्या आधीच स्वस्त कॅमेऱ्याची एक सिनेमासंस्कृती मालेगावात उभी राहिली होती. नासिर शेख यांनी २००० मध्ये साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' केला, आणि फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या २००८ च्या माहितीपटात बैलगाडीचा क्रेनसारखा वापर करून उंचावरचे शॉट घेणारी ही मंडळी जगाला दिसली. यंत्रमागांच्या शहरात यंत्रमागावरचेच लोक प्रेक्षकही होते आणि नटही. त्यांची गणिते व्हिडिओ पार्लरवर आणि कॅसेटच्या विक्रीवर बेतलेली असल्यामुळे ती मर्यादित राहिली. २०१६ मध्ये जिओमुळे इंटरनेटचे दर कोसळल्यानंतर मात्र खानदेशातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या मंडळ्यांना यूट्यूबवर थेट प्रेक्षक मिळाला, आणि बोलीभाषेतील विनोदी प्रसंगमाला हा नवा प्रकार रुळला. पुढे या मंडळ्यांनी पैसे हाती येताच मोठे कॅमेरे घेतले हेही तितकेच खरे. म्हणजे फोन त्यांच्यासाठी उंबरठा होता. मुक्कामाची जागा नव्हे.

मोठा कॅमेरा का घ्यावासा वाटतो, याचे उत्तर फोनच्या रचनेत आहे. भिंगातून येणारा प्रकाश ज्या पट्टीवर पडून विद्युत्संकेतात बदलतो तिला सेन्सर म्हणतात. महागड्या फोनमधील मुख्य सेन्सर साधारण १० मिलिमीटर रुंद असतो, तर चित्रपटांच्या कॅमेऱ्यांत रूढ असलेला सुपर ३५ या मापाचा सेन्सर साधारण २५ मिलिमीटर रुंद. क्षेत्रफळात पाहिले तर फोनचा सेन्सर त्याचा सहावा-सातवा हिस्सा भरतो आणि स्वस्त फोनांत त्याहूनही बराच लहान असतो. लहान सेन्सरवर कमी प्रकाश गोळा होतो, म्हणून कंदिलाच्या किंवा एकाच दिव्याच्या उजेडातले दृश्य रवाळ येते. आणि जवळच्या माणसापासून दूरच्या डोंगरापर्यंत सगळे सारखेच स्पष्ट दिसते, त्यामुळे नजर एका ठिकाणी खिळवण्यासाठी चित्रपटात पार्श्वभूमी जी धूसर केली जाते ती आपोआप होत नाही. फोन ही उणीव गणिताने भरून काढतो : चेहरा ओळखून त्याच्या मागचे सारे कृत्रिमपणे पुसट केले जाते. केसांच्या बटा, चष्म्याची कड, नथीची तार अशा बारीक गोष्टींवर हे गणित हटकून अडखळते आणि कधी कान पार्श्वभूमीत विरघळतो.

प्रकाशनियंत्रणाची अडचण याहून मूलभूत आहे. पडद्यावरची हालचाल डोळ्याला नैसर्गिक वाटावी म्हणून प्रत्येक फ्रेमवर प्रकाश पडण्याचा काळ त्या फ्रेमच्या अवधीच्या निम्मा ठेवण्याचा संकेत आहे. सेकंदाला २४ फ्रेम असतील तर हा काळ सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग होतो. मोठ्या कॅमेऱ्यात ऊन जास्त झाले तर भिंगाचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, लहान करता येते, परंतु बहुतेक फोनांत ते एकाच मापाचे असते. त्यामुळे फोन प्रकाशाचा काळच सेकंदाच्या हजाराव्या-दोन हजाराव्या भागापर्यंत उतरवतो, प्रत्येक फ्रेम गोठल्यासारखी कडक येते आणि धावणारा माणूस तुटक तुटक धावताना दिसतो. फोनवरचे चित्रण पाहताक्षणी फोनवरचे म्हणून ओळखू येते ते बहुधा पिक्सेलांमुळे नव्हे, या तुटकपणामुळे. त्यावर उपाय साधा आहे : एनडी फिल्टर नावाची, रंग न बदलता केवळ प्रकाश कमी करणारी करडी काच भिंगावर बसवायची आणि अ‍ॅपमध्ये प्रकाशाचा काळ पक्का करायचा. काही शे रुपयांची ही काच हजारो रुपयांच्या गिंबलपेक्षा, म्हणजे फोन मोटारींच्या साहाय्याने तोलून धरणाऱ्या दांड्यापेक्षा, अधिक फरक पाडते, तरी नवशिके निर्माते आधी गिंबल घेतात.

भारतातल्या विजेचाही इथे विचार करावा लागतो. घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे ट्यूबलाइट आणि अनेक एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, आणि अमेरिकी सवयीने ३० फ्रेम व सेकंदाचा साठावा भाग अशी जुळणी ठेवलेली असली तर चित्रावरून काळसर पट्टे सरकताना दिसतात. २५ फ्रेम आणि सेकंदाचा पन्नासावा भाग अशी जुळणी केली की ते नाहीसे होतात. उष्णतेचा प्रश्नही तितकाच स्थानिक आहे : अ‍ॅपलने आपल्या फोनसाठी ३५ अंश सेल्सिअसपर्यंतचे हवामान योग्य म्हटले आहे, आणि विदर्भात मे महिन्यात पारा त्याच्या दहा अंश वर जातो, तेव्हा पडदा मंदावणे, चित्रण मध्येच थांबणे हे प्रकार अटळ होतात. तिथे सकाळी लवकर आणि संध्याकाळी चित्रण करण्याची जुनीच शिस्त कामी येते.

स्वयंचलित निर्णयांचा मुद्दा या सगळ्याच्या मुळाशी आहे. पात्र खिडकीसमोरून गेले की फोन उजेड कमी-जास्त करतो, मधूनच कोणी आडवे गेले की केंद्र बदलतो, भिंतीचा रंग पाहून सगळ्या दृश्याचा रंग हलवतो, आणि अनेक फोन सांगितल्याविना चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसून कातडी उजळ करतात. कौटुंबिक चित्रणात या सोयी उपकारक आहेत. चित्रपटात मात्र एकाच प्रसंगाचे दोन शॉट एकमेकांशी जुळेनासे होतात, आणि उन्हात राबणाऱ्या शेतमजुराचा चेहरा जाहिरातीतल्यासारखा गुळगुळीत होणे ही तर केवळ तांत्रिक चूक राहत नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरून, दररोज थोडे थोडे चित्रण करून रोपाची वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखवली होती. तोच परिणाम आज टाइमलॅप्स या खुणेला बोट लावून मिळतो, आणि दोन फ्रेममधले अंतर किती असावे हेही अनेकदा फोनच ठरवतो. फाळक्यांच्या हाती मात्र तो प्रत्येक दिवसाचा निर्णय होता, आणि प्रकाशही रोज नव्याने जुळवावा लागत होता.

मोबाइल अ‍ॅपांची खरी उपयुक्तता हे निर्णय परत मिळवून देण्यात आहे. २०११ मध्ये आलेल्या फिल्मिक प्रोने फ्रेमगती, प्रकाशकाळ, केंद्र आणि रंगसंतुलन यांवरचा ताबा पहिल्यांदा व्यवस्थितपणे वापरणाऱ्याकडे दिला. अँड्रॉइड प्रणालीत २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून अशा अ‍ॅपांना कॅमेऱ्याशी थेट व्यवहार करण्याची वाट खुली झाली, जरी सर्व भिंगे आणि सर्व फ्रेमगती इतरांच्या अ‍ॅपांना वापरू न देणारे उत्पादक आजही आहेत. फिल्मिकची मालकी २०२२ मध्ये बेंडिंग स्पून्स या कंपनीकडे गेली, एकरकमी किमतीऐवजी वर्गणी आली आणि २०२३ च्या अखेरीस मूळ चमूला नारळ मिळाला; त्याच वर्षी ब्लॅकमॅजिक या कॅमेरा कंपनीने आपले अ‍ॅप आयफोनवर विनामूल्य दिले आणि २०२४ मध्ये ते अँड्रॉइडवरही आणले. संकलनासाठी काइनमास्टर, लुमाफ्यूजन, व्हीएन यांसारखी अ‍ॅपे प्रचलित आहेत. जून २०२० मध्ये टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपांवर भारतात बंदी आली तेव्हा व्हिवाव्हिडिओसारखे संकलनाचे अ‍ॅपही रातोरात गेले, आणि त्यात अर्धवट राहिलेली कामे सोडून अनेकांना दुसरीकडे वळावे लागले. मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक त्रास असतो : काही अ‍ॅपांत देवनागरी उपशीर्षके देताना जोडाक्षरे तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते, म्हणून शीर्षके वेगळ्या अ‍ॅपमध्ये चित्र म्हणून करून आणावी लागतात.

फोन चित्रातील फ्रेमगती आपल्या सोयीने किंचित कमी-जास्त करत राहतो, हेही अनेकांना संकलनाला बसल्यावरच कळते. वेगळ्या यंत्रावर मुद्रित केलेला आवाज पहिल्या मिनिटाला ओठांशी जुळतो आणि दहाव्या मिनिटाला मागे पडतो. फ्रेमगती पक्की ठेवणारे अ‍ॅप वापरणे आणि प्रत्येक शॉटच्या आरंभी क्लॅप देणे, निदान टाळी वाजवणे, हा त्यावरचा इलाज आहे. एकूणच आवाज हे फोनवरच्या चित्रपटाचे सर्वांत दुबळे अंग राहिले आहे. फोनचा मायक्रोफोन बोलणाऱ्यापासून दूर, कॅमेऱ्याजवळ असतो, शांततेत तो आपणहून संवेदनशीलता वाढवतो आणि पंख्याची घरघर वर आणतो. प्रेक्षक धूसर चित्र सहन करतो, पण न समजणारा संवाद सहन करत नाही. त्यामुळे मर्यादित पैसे असतील तर ते नव्या फोनवर खर्च करण्यापेक्षा कॉलर माईकवर आणि एका चांगल्या ध्वनिमुद्रकाच्या मानधनावर खर्च करणे शहाणपणाचे ठरते. चित्राच्या साठवणीचाही हिशेब करावा लागतो : आयफोनवर ४के चित्रणाच्या एका मिनिटाला नेहमीच्या संकोचित स्वरूपात १३५ ते १७० मेगाबाइट लागतात, तर रंगसंस्कारासाठी सोयीच्या प्रोरेस स्वरूपात सुमारे ६ गिगाबाइट.

वितरणाच्या बाजूस नियम फोनसाठी निराळे नाहीत. चित्रपटगृहात दाखवायचा तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्र लागते, मग तो कोणत्याही कॅमेऱ्यावर केलेला असो. यूट्यूबवर मात्र अशी पूर्वतपासणी नाही, आणि फोनवरच्या बहुतेक कामांचा ओढा तिकडे असण्याचे हेही एक कारण आहे. प्रशिक्षणही आता उपलब्ध आहे : पुण्याच्या फिल्म आणि टेलिव्हिजन संस्थेने २०१७ पासून 'स्किफ्ट' उपक्रमाखाली देशभर घेतलेल्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांत स्मार्टफोनवरील चित्रपटनिर्मितीचाही समावेश होता.

जतनाच्या प्रश्नाकडे मात्र या क्षेत्राचे लक्ष अजून गेलेले नाही. भारतातील बहुसंख्य मूकपट नष्ट झाले याची हळहळ नेहमी व्यक्त होते. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन होईपर्यंत रिळे जपण्याची व्यवस्थाच नव्हती. फोनवरच्या चित्रपटाला रीळ नसते. संकलन झाले की जागा मोकळी करण्यासाठी मूळ चित्रण पुसले जाते, सहकाऱ्यांकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेली प्रत दाबून लहान झालेली असते, आणि शेवटी यूट्यूबवर उरते ती आणखी एकदा दाबलेली प्रत, जी वाहिनी बंद झाली किंवा मंचाने काढली की संपते. २०१७ मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित तपासणीने सीरियातील लाखो चित्रफिती हिंसक म्हणून उडवल्या, तेव्हा त्यांतील पुष्कळशा वाचल्या, त्या 'सीरियन अर्काइव्ह' या गटाने २०१४ पासूनच त्यांच्या प्रती तारीख, ठिकाण आणि मूळ फाइलच्या नोंदींसह स्वतंत्रपणे उतरवून ठेवायला घेतल्या होत्या म्हणून. मराठी बोलीतल्या प्रसंगमाला आणि वस्त्यांतले चित्रवार्तांकन यांसाठी असे काही करायचे झाल्यास लागणारी सामग्री फार नाही : मूळ फाइल, संकलनाचा आराखडा, वापरलेल्या अ‍ॅपची आवृत्ती आणि त्यात दिसणाऱ्या माणसांची लेखी संमती. यांतली शेवटची गोष्ट चित्रणाच्या दिवशीच घ्यावी लागते, नंतर ती मिळणे जवळजवळ अशक्य होते.